हवी ती खोली घ्या

शनिवारी शाळा अर्धीच असते. सिद्धी साडेबाराला घरी आली, दप्तर टाकलं आणि आईने सकाळीच सांगून ठेवलेलं सामान आणायला पुन्हा खाली उतरली. दोन पिशव्या दूध आणि कोथिंबिरीची जुडी. कोपऱ्यावरच्या दुकानातले अण्णा कानडीत "स्वल्प ताळी", थोडं थांबा, म्हणाले आणि आधी आलेल्या एका बाईंना वांगी निवडून देत बसले. थोडं थांबायला सांगितलं की सिद्धीला बरंच वाटायचं. थांबलेल्या माणसाला बोलावं लागत नाही. ती आकाशाकडे बघत उभी राहिली. येलहंकाच्या हवाई दलाच्या तळावर त्या आठवड्यात विमानांचा सराव चालला होता. विमान आधी दिसायचं, आवाज मागून यायचा. आवाज कानावर पडेपर्यंत विमान कुठल्या कुठे गेलेलं असायचं.

सिद्धीच्या घरचे मूळचे निपाणीचे. अप्पा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर, आई एका दवाखान्यात रिसेप्शनवर, आणि अक्का, म्हणजे थोरली बहीण प्रियदर्शनी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ही तिसऱ्या मजल्यावरची जागा भाड्याने घेतली. मजल्यावर दोनच दारं. एक त्यांचं, दुसरं समोर शिवकुमार अंकलचं. घराच्या अगदी टोकाला अक्काची खोली. त्या खोलीच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायची दोरी होती आणि दोरीपलीकडे काही नव्हतं. सरळ तीन मजले हवा आणि खाली पार्किंग.

सिद्धी नववीत होती आणि वर्गात तिचा आवाज कुणी फारसा ऐकलेला नव्हता. पण 'लोअरलँड' खेळताना ती वेगळीच मुलगी असायची. हा खेळ कॉम्प्युटरवरचा. त्यात जग आडवं कापलेलं दिसतं, सुरीने फणस मधोमध चिरावा तसं. वर गवत, झाडं, घरं. खाली माती, मातीखाली दगड, दगडात गुहा, आणि जितकं खाली जावं तितकं वाईट. खणायचं, लाकूड-लोखंड जमवायचं, हवं ते बांधायचं, आणि अंधार पडला की येणाऱ्या जनावरांपासून जीव वाचवायचा. दोघी बहिणी त्यातला सगळ्यात अवघड प्रकार खेळत होत्या. त्यात जीव एकच. दोघींपैकी एक जरी मेली, तरी सगळं जग पुसलं जातं. तीन महिने झाले, त्यांचं जग टिकून होतं.

त्या जगात सिद्धीने काय बांधलं, तर स्वतःचीच बिल्डिंग. जिना, तीन मजले, हॉल, स्वयंपाकघर, टोकाला अक्काची खोली. अक्का हसली होती. "पोरं किल्ले बांधतात, राजवाडे बांधतात. तू तिथंबी भाड्याचं घर बांधालीस?"

"मला हेच घर पाठ आहे," सिद्धी म्हणाली होती.

आता त्यांना एक वैदूबाई हवी होती. खेळाचा नियम असा, की खोलीला दार, दिवा, टेबल आणि खुर्ची असली की कुणीतरी रहिवासी आपणहून येऊन राहतो. कधी लोहार, कधी वाणी. ज्याची खोली त्याची. एका खोलीत दोघं मावत नाहीत. वैदू आली असती तर जखमा भरून निघाल्या असत्या आणि तळातल्या राक्षसाशी लढता आलं असतं. सिद्धीने तिच्यासाठी तळमजल्यावर छान खोली बांधून ठेवली होती. पण दहा दिवस झाले, कुणी फिरकत नव्हतं.

त्या दुपारी जेवण उरकून तिने खिडकीचे पडदे ओढले आणि लॅपटॉप उघडला. तीनच्या सुमाराला वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. बिल्डिंगमधला पाण्याचा पंप, मिक्सर, टीव्ही, सगळे एकदम गप्प झाले, आणि घरात किती आवाज असतात हे ते थांबल्यावर कळलं. लॅपटॉपच्या उजेडात तिला आपले हात निळसर दिसत होते. पडद्यावर तळमजल्यावरची खोली रिकामी. दिवा जळतोय, खुर्ची तशीच.

सिद्धी कंटाळली होती. पाहुणे आले की आई ज्या सुरात बोलते, तो सूर काढून ती मोठ्याने म्हणाली, "या, या. आपलंच घर समजा. हवी ती खोली घ्या."

आपलाच आवाज तिला परका वाटला. ती हसली. आई नेहमी बजावायची, वास्तू तथास्तु म्हणत असते, घरात बोलताना तोंड सांभाळावं. पण सिद्धी मुळात बोलायचीच इतकं कमी, की तो नियम आपल्यासाठी आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

डोक्यावरून एक विमान गेलं. काचा थरथरल्या. आवाज विरला तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली होती. इंग्रजीत. तानूबाई राहायला आली आहे.

सिद्धीने ती ओळ तीनदा वाचली. या खेळातल्या रहिवाशांची नावं एडगर, मॉली, फिन अशी असतात. तानूबाई हे नाव परदेशात बसून खेळ बनवणाऱ्या माणसांना सुचणं शक्य नव्हतं. मग तिने आकृती बघितली. तांदळाच्या दाण्याएवढीच, सगळ्या रहिवाशांसारखी. गडद हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. बाकीचे रहिवासी टुणटुण उड्या मारल्यासारखे चालतात. ही सरकत होती. आणि ती जिथून सरकली तिथल्या फरशा काळपट होत होत्या, ओल्या झाल्यासारख्या.

ती तळमजल्यावरच्या खोलीपाशी थांबलीही नाही. जिना चढली. तिसऱ्या मजल्यावर आली. दार उघडून आत आली, हॉलमध्ये उभ्या असलेल्या सिद्धीच्या आकृतीला वळसा घालून सरळ टोकाच्या खोलीत गेली आणि खुर्चीवर बसली. अक्काच्या खोलीत.

खाली दुसरी ओळ आली, लाल अक्षरांत. प्रियाला आता इथे घर नाही.

प्रिया हे अक्काच्या आकृतीचं नाव. अक्का चिडणार, एवढंच सिद्धीच्या मनात आलं. हे तिनेच केलेलं असेल, असंही वाटलं. कॉलेजात कुणाकडून तरी खेळात नावं घालून घेतली असतील, भिववायला.

तीन वीसला फोन वाजला. अक्काच होती.

"सिद्धे." आवाज हळू. "घरात आहेस?"

"आहे की."

"मी वर आले आहे. तिसऱ्या मजल्यावर."

"मग बेल... वीज गेली आहे. थांब, उघडते."

"काय उघडतेस?" अक्का म्हणाली. "सिद्धे, आपलं दार कुठाय?"

सिद्धी हसणार होती, पण अक्काचा श्वास तिने ऐकला. अक्का गंमत करताना असा श्वास घेत नसे.

"मजले मोजलीस का नीट?"

"दोनदा खाली जाऊन आले. समोर शिवकुमार अंकलचं दार आहे. त्यांची तुळस आहे, बाहेर त्यांचे बूट आहेत. आणि आपल्या बाजूला... भिंत आहे नुसती. पांढरी."

सिद्धी उठली, हॉल ओलांडला आणि दार सताड उघडलं. समोर शिवकुमार अंकलचं बंद दार. तुळशीची कुंडी. तपकिरी बूट. मधली जागा रिकामी. जिन्यातही कुणी नव्हतं.

"अक्का," ती म्हणाली, "मी दारात उभी आहे. उघड्या दारात."

"मला नाही दिसत..."

तेवढ्यात विमान आलं. आवाज सिद्धीच्या डोक्यावरून गेला आणि त्याच क्षणी तोच आवाज फोनमधूनही आला. एका सेकंदाचंही अंतर नव्हतं. म्हणजे अक्का कुठे दूर नव्हती. ती इथेच, या दारासमोर, हाताच्या अंतरावर उभी होती.

"मी भिंतीवर थाप मारते," अक्का म्हणाली. "ऐकू येतं का बघ."

फोनमध्ये थप असा आवाज आला, आणि सिद्धीच्या चेहऱ्यावर वाऱ्याची गार झुळूक लागली. पुन्हा थप, पुन्हा झुळूक. तिच्या कपाळावरचे केस हलले. दारात हवा अगदी पडलेली होती.

तिला ती लाल ओळ आठवली.

"अक्का, फोन ठेवू नको. तिथून हलू नको."

"चार टक्के राहिलंय... लवकर काय ते कर."

सिद्धी धावत लॅपटॉपपाशी आली. रहिवाशाला घालवायचं असेल तर खोलीतला दिवा काढायचा, असं खेळात असतं. दिवा नाही तर ती खोली नाही, रहिवासी निघून जातो. तिने अक्काच्या खोलीतला दिवा फोडला. खोली काळी झाली. तानूबाई खुर्चीवरून उठली नाही. अंधारात लुगड्याचा हिरवा ठिपका तसाच राहिला.

सिद्धीने त्या ठिपक्यावर क्लिक केलं. रहिवासी अशा वेळी ठरलेली वाक्यं बोलतात, आज हवा छान आहे, माझ्या दुकानात या. चौकट उघडली. अक्षरं इंग्रजी होती, भाषा मराठी.

तूच म्हणालीस ना, हवी ती घ्या.

सिद्धीने तोंडावर हात दाबून धरला. घरात कुणी पाहुणे आले की ती आत जाऊन बसायची. पाणी नेऊन द्यायलाही आईला तिला तीनदा हाक मारावी लागायची. आता मात्र तिच्याशिवाय घरात कुणीच नव्हतं. तिने हात काढला आणि समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तशी पडद्याशी बोलली.

"आजी, ही खोली माझ्या अक्काची आहे. ती बाहेर उभी आहे. तळमजल्यावर तुमच्यासाठी खोली केली आहे..."

चौकटीतली अक्षरं पुसली गेली, नवी आली. खाली नको. खाली पाणी येतं.

"मग नवी बांधून देते. वरच. इथे शेजारी."

अक्षरं पुन्हा पुसली गेली. मग आलं. शेजारी चालेल. दार ठेव.

फोनमध्ये अक्का बारीक आवाजात म्हणत होती, "सिद्धे, कुणाशी बोलालीस?"

तिसऱ्या मजल्यावर शेजारी जागा एकच होती. अक्काच्या खोलीच्या भिंतीपलीकडे, हवेत. खेळात खोली हवेत टांगता येते, फक्त लाकूड लागतं. लाकूड पुरेसं नव्हतं. सिद्धीने खाली उतरून वैदूसाठी बांधलेली खोली फोडली आणि फळ्या गोळा केल्या. तेवढ्यात पडद्यावरचं आकाश तांबूस झालं. खेळातला दिवस मावळत होता. अंधारात उडणारी वटवाघळं येतात, आणि तिच्या आकृतीकडे तीनच हृदयं, म्हणजे तीन चाव्यांपुरतीच ताकद, उरली होती. ती मेली तर जग पुसलं जाणार. जगाबरोबर तिसरा मजला जाणार, अक्काची खोली जाणार, आणि अक्का... सिद्धीने पुढचा विचार केला नाही.

तिने भिंतीला लागून पहिली फळी मारली. मग दुसरी. आकृती तीन मजल्यांवर, हवेत, एकेका फळीवर पाय टाकत पुढे जात होती. पहिलं वटवाघूळ आलं तेव्हा तिने तलवारीने पाडलं. दुसऱ्याने चावा घेतला. दोन हृदयं. जमीन झाली. छप्पर झालं. टेबल ठेवलं, खुर्ची ठेवली. तिसरं वटवाघूळ पाठीमागून आलं. एक हृदय. सिद्धीच्या हनुवटीवरून घाम कीबोर्डवर पडला. तिने दिवा लावला. उजेडाला वटवाघळं बिचकतात, ती मागे सरली.

"एक टक्का," अक्का म्हणाली. "सिद्धे, ही भिंत ओली झाली आहे..." आणि फोन बंद पडला.

दार राहिलं होतं. खोलीच्या तीन बाजूंना नुसती हवा. दार लावायला भिंत एकच, अक्काच्या खोलीची. थांबून विचार करायला वेळ नव्हता. तिने त्या भिंतीत दार बसवलं.

अंधाऱ्या खोलीतला हिरवा ठिपका उठला. सरकत दारापर्यंत गेला, दार उघडलं, पलीकडे गेला. सिद्धीने रिकाम्या झालेल्या खोलीत पुन्हा दिवा लावला. कोपऱ्यात ओळ आली. तानूबाईने खोली बदलली. तिच्याखाली दुसरी. प्रिया घरी आली आहे.

दारावर थाप पडली. खरी, लाकडावरची.

अक्का दारात उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि दोन्ही तळव्यांना ओला चुना लागला होता. आत आली, पाठीने दार लोटलं आणि जमिनीवरच बसली. सिद्धी तिला बिलगली. अक्काच्या ओढणीला विहिरीच्या तळाला येतो तसा, शेवाळाचा वास येत होता.

"किती वेळ गेला?" अक्काने शेवटी विचारलं.

"वीस मिनिटं असतील."

"मी दोन-अडीच तास उभी होते, सिद्धे."

सिद्धीने सगळं सांगितलं. अक्काने लॅपटॉपकडे बघितलं. आपल्या खोलीपलीकडे लोंबणारी ती चौकोनी खोली बघितली. "बंद कर तो खेळ. काढून टाक."

"आणि तुझी खोली गेली तर?"

लॅपटॉप तसाच उघडा राहिला. बॅटरी संपत आली तेव्हा देवासारखी वीज आली, आणि सिद्धीने घाईघाईने चार्जर लावला. आपण खेळ चालू ठेवण्यासाठी धडपडतो आहोत हे दोघींनाही कळत होतं.

साडेपाचला आई आली. तिने चप्पल काढली, दोघींकडे बघितलं आणि म्हणाली, "काय गं, सुतक असल्यासारख्या बसलायत. भांडलात?"

"नाही," अक्का म्हणाली. आईला काय सांगायचं आणि कुठून सुरू करायचं, हे ठरवण्याआधीच आई दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला आतल्या खोलीत निघून गेली. अक्काच्या खोलीत. दोरीवर चिमटे काढल्याचे आवाज आले. मग आई कुणाशी तरी बोलायला लागली. फोनवर बोलत असेल, असं सिद्धीने स्वतःला सांगितलं. पण आईचा फोन समोर टीपॉयवर होता.

आई हसली. पुन्हा काही बोलली. मग खांद्यावर कपड्यांचा ढीग घेऊन बाहेर आली, तो सोफ्यावर टाकला आणि स्वयंपाकघरात गेली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. आली ती हातात स्टीलची वाटी घेऊन.

"कुणाशी बोलत होतीस?" अक्काने विचारलं.

"त्या पलीकडच्या नव्हे का. विरजण मागत होत्या. इतक्या दिवसांत एक मराठी शेजार मिळाला बाई, जिवाला बरं वाटलं."

"पलीकडच्या... म्हणजे कुठल्या?"

"तानूबाई. तुझ्या खिडकीला लागून तर त्यांचं दार आहे. तुला ठाऊक नाही? तुझी ओळख असल्यासारखं बोलल्या. पोर दमून आली असेल म्हणाल्या."

सिद्धी उठून आईच्या वाटेत उभी राहिली. "आई, त्या खोलीत जाऊ नको."

"का गं? तू लाजतेस म्हणून मीबी लाजू?" आईने तिला कोपराने बाजूला केलं. "चार माणसांत बोलायला शीक जरा. माणूस माणसाच्याच उपयोगी पडतं."

अक्काने आईचा पदर धरला. आईने तो हसत सोडवून घेतला आणि आत गेली. दोघी तिच्यामागे उंबऱ्यापर्यंत गेल्या. पुढे पाऊल उचललं नाही. आई खिडकीशी उभी होती. तिने वाटी धरलेला हात बाहेर काढला. बाहेर संध्याकाळचं फिकट आकाश होतं, दोरी होती, बाकी काही नव्हतं. आईने हात आत घेतला तेव्हा तो रिकामा होता. खाली पार्किंगमध्ये स्टील आपटल्याचा आवाज आला नाही.

"उद्या रविवारी त्यांनी आपल्या सगळ्यांना जेवायला बोलावलंय," आई त्यांच्याजवळून स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली. "मी हो म्हटलं. पहिल्यांदा बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं?"

सिद्धी धावत लॅपटॉपपाशी गेली. अक्का तिच्या मागोमाग.

खेळातले रहिवासी काही बांधू शकत नाहीत. त्यांना तशी सोयच नसते. पण तानूबाईच्या खोलीखाली, हवेतच, एकीखाली एक अशा चार नव्या खोल्या लोंबत होत्या. फळ्या काळ्या, ओल्या. प्रत्येक खोलीत टेबल, खुर्ची, दार, अंथरूण. नीटनेटकं, नियमात बसणारं. वरच्या तीन खोल्यांत दिवे जळत होते. सगळ्यात खालच्या खोलीत दिवा होता, पण तो लावलेला नव्हता.

"हा का नाही लागला?" अक्काने कुजबुजत विचारलं.

सिद्धीने घरात असलेली माणसं मोजली, तीन. खाली गेट उघडल्याचा आवाज आला. स्कूटर आत आली, बंद झाली. जिन्यात शिवकुमार अंकलशी कानडीत दोन शब्द बोलून अप्पा हसले, आणि त्यांची पावलं एकेक पायरी वर चढू लागली. पहिला मजला. दुसरा. किल्ली कुलपात फिरली.

पडद्यावर चौथा दिवा लागला.